कुंकू लागलेला चेक

पगाराचा चेक परत आला, तेव्हा सगळ्यात आधी आळ आला तो माझ्या आईच्या कुंकवावर.

आळ घेणारे आमचे मालक. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. जामसंड्याजवळ त्यांची आंब्याचा पल्प डब्यात भरायची फॅक्टरी. मी तिथे क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोल बघायचे. रसाचं ब्रिक्स मोजणं हे माझं मुख्य काम. ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप. रसाचं कमीजास्त व्हायचं. अण्णांच्या बोलण्याचं कधी उतरलं नाही.

"आपली फॅक्टरी म्हणजे एक कुटुंब आसा," ते म्हणायचे. कुटुंबात पगार वेळेवर द्यायची पद्धत नसते, हे मला जरा उशिरा कळलं.

सीझनभर पगार थकला. सीझन संपला तशी अण्णांनी बॉयलरपुढे पूजा घातली, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. फॅक्टरीच्या भरभराटीसाठी आम्ही सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. मग अण्णांनी एकेकाला बोलवून चेक दिले. सगळा थकलेला पगार एका चेकात. देवाला सगळं सांगून झालं होतं. बँकेला तेवढं विचारायचं राहिलं होतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे मी कुणालाही न विचारता सांगते. आईने आयुष्यात पहिल्यांदाच चेक हातात धरला. देवासमोर ठेवला, वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवलं आणि मगच मला बँकेत जाऊ दिलं. घर तोवर वाण्याच्या उधारीवर चाललं होतं, त्यामुळे देवाने त्यात लक्ष घालणं गरजेचंच होतं.

चेक परत आला. वर बँकेने माझ्याच खात्यातून चार्ज कापला. पगार मिळाला नाही, पण तो न मिळाल्याचा दंड मात्र मिळाला.

मी चेक घेऊन अण्णांच्या केबिनमध्ये गेले. कुंकू कुणी लावलं, ते त्यांनी आधी विचारून घेतलं.

"अगो चेडवा, तुझ्या आवशीन चेकाक कुंकू लावल्यान. मगे बँक कशी घेता? बँकेची मशिना आसत ती, देवळातली पेटी न्हय!"

दुपारपर्यंत ही बातमी फॅक्टरीभर झाली, संध्याकाळपर्यंत वाडीत. आई चुलीपुढे बसून राहिली. "माझ्याच हातान वाटोळा झाला गो," एवढंच म्हणायची. तिने देवासमोरची कुंकवाची कोयरी उचलून फडताळात ठेवून दिली. पगार बुडाला असता तर मी दुसरी नोकरी शोधली असती. आईच्या डोक्यातून हे मात्र कुणी काढलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. चेक परत येतो तेव्हा बँक त्यासोबत कारण लिहिलेला एक कागद देते. त्याला रिटर्न मेमो म्हणतात. मी घाईत चेक तेवढा घेऊन आले होते. क्लार्कने मेमो पुढे केला. 'फंड्स इनसफिशियंट.' म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत.

"कुंकवामुळे परत नाही ना आला?"

"मॅडम, इथे निम्मे चेक कुंकू लावूनच येतात. एकदा तर दूर्वा चिकटून आली होती. खालच्या नंबरांच्या पट्टीला काही लागू देऊ नका, बस. आणि चेक परत करायच्या कारणांत कुंकवासाठी आमच्याकडे कोडच नाही."

मेमो घेऊन परत अण्णांकडे. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला.

"बरां, सोमवारी परत टाक."

सोमवारी टाकला. परत आला, नवा मेमो आणि नवा चार्ज घेऊन.

"मगे असा कर. जुनो चेक माका दी, मी नवो लिवून दितंय."

इथे सावध व्हा. आमच्याकडे माणूस शब्दाला जागतो असं समजून माणसं मूळ चेक देऊन टाकतात. आमच्या बॉयलरवरच्या बाबलकाकांनी तेच केलं. अण्णांनी त्यांचा चेक खिशात घातला आणि पल्पचा एक डबा भेट दिला. नवा चेक सोमवारी. कुठल्या सोमवारी, ते मात्र अण्णांनी सांगितलं नाही.

मी चेक दिला नाही, आधी डीडी द्या म्हटलं. कणकवलीच्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सांगितलं ते असं. मेमो हातात आल्यापासून तीस दिवसांच्या आत मालकाला लेखी नोटीस पाठवायची, रजिस्टर पोस्टाने. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला त्याला पंधरा दिवस. नाही भरले, तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार. प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. थकलेल्या पगारासाठी कामगार कार्यालयात अर्ज करायची वाट आहे, ती वेगळी.

नोटीस गेली. अण्णांनी ती घ्यायला नकार दिला. "न घेतल्याने काही बिघडत नाही," वकीलबाई म्हणाल्या, "घ्यायला नकार दिला असा शेरा आला, की कोर्ट ती मिळाली असंच धरतं." हे अण्णांनाही कुणीतरी सांगितलं असावं. कारण मुदत संपायच्या आत ते आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, हजर झाले.

"ताई, आपण सुशिक्षित माणसं आहोत. कोर्टकचेरी आपल्याला शोभत नाही."

अण्णा मालवणी सोडून पुस्तकी मराठीत शिरले, की समजावं, वकिलाची फी विचारून झाली आहे.

"शोभत नाही म्हणून तर डीडी मागितला होता," मी म्हटलं.

त्यांनी पाकीट पुढे केलं. डीडी म्हणजे डिमांड ड्राफ्ट. यात बँक आधी पैसे कापून घेते आणि मगच कागद देते, त्यामुळे देणाऱ्याच्या शब्दावर काही अवलंबून राहत नाही. रक्कम बरोबर होती, बँकेचे चार्जेससुद्धा धरून.

तेवढ्यात आई आत गेली. फडताळ उघडल्याचा आवाज आला. कोयरी घेऊन ती बाहेर आली, माझ्या हातातून डीडी घेतला आणि अण्णांच्या देखत वरच्या कोपऱ्यात चांगलं ठसठशीत बोट उमटवलं.

"आता बघया," ती म्हणाली, "ह्यो परत येता काय ता."

अण्णा चहा न घेताच गेले.

डीडी पास झाला. वाण्याची उधारी फिटली, मी नोकरी बदलली. बाबलकाकांचा अर्ज कामगार कार्यालयात आहे. तो मीच लिहून दिला, कारण मूळ चेक नसल्याने त्यांच्याकडे दाखवायला फक्त पल्पचा रिकामा डबा होता.

कोयरी परत देवासमोर आहे. बँकेला कुंकू चालतं. खात्यात पैसे तेवढे लागतात.