मावशीने मागितलेली गिऱ्हाइकं

मावशीची प्रार्थना डोळे मिटूनच ऐकावी. उघडे ठेवले तर हसू येतं. शब्द देवाचे, पण हात इस्त्रीचा. प्रार्थना करताना तिचा उजवा हात पुढच्या बाकाच्या पाठीवरून आपोआप पुढेमागे फिरायचा, जणू तिथे कुणाचा शर्ट पसरून ठेवलाय. त्या बाकावरची माणसं जरा सरकूनच बसत.

गल्लीत सगळे तिला मावशीच म्हणत. तळमजल्यावरची पुढची खोली हेच तिचं दुकान. गल्लीकडे उघडणारी मोठी खिडकी, खिडकीपाशी जुन्या ब्लँकेटने मढवलेलं टेबल, त्यावर इस्त्री, शेजारी पाण्याचा वाडगा. फळ्यांवर घड्यांचे ढीग, आणि एकाही ढिगावर नाव नाही. कुणाचा शर्ट कोणता हे तिला कॉलर बघून कळायचं. मान कशी मळते त्यावरून माणूस ओळखावा, असं ती म्हणायची. मागच्या खोलीत संसार. मुलं लग्न करून लांब गेलेली, उरले ती आणि काका. काका म्हणजे तिचा नवरा. आयुष्यभर एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होते. आता फाटक सुटलं होतं, पण खिडकीपाशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायची खोड काही सुटली नव्हती.

रविवारी चर्चमधल्या उपासनेत पाळकसाहेब विचारायचे, "कुणाची काही प्रार्थनाविनंती?" मग एकेक जण उठायचा. कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाच्या सासूचा गुडघा, कुणाचा तिरसट घरमालक. सगळ्यांचं झालं की पाळकसाहेब मावशीकडे बघायचे, आणि मावशी पदर सावरून उभी राहायची.

देवाशी मोघम बोलू नये, असं तिचं ठाम मत होतं. "शिंप्याकडे जाऊन 'काहीतरी चांगलं शिवा' म्हणतं का कुणी? माप द्यावं लागतं." म्हणून ती देवालाही मापं द्यायची. नुसता गुडघा नाही, डावा. नुसता बरा नाही, जिना चढण्यापुरता बरा. लोकांना ते फार आवडायचं. आपलं दुखणं देवापर्यंत पत्त्यासकट पोचलं, असं वाटायचं.

अशाच एका रविवारी शेवटच्या बाकावरून एक तरुण उठला. शेजारी त्याची बायको खाली मान घालून बसलेली.

"आम्ही या भागात नवीन आहोत," तो म्हणाला. "उद्यापासून छोटंसं दुकान सुरू करतोय. मंडळीनं प्रार्थनेत आठवण ठेवावी."

एवढंच. कसलं दुकान ते त्यानं सांगितलं नाही आणि मावशीनं विचारलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"प्रभू, या लेकरांचं दुकान नुसतं चालू नको देऊस, धावू दे. गल्लीच्या दोन्ही टोकांनी गिऱ्हाईक येऊ दे. दर आठवड्याची बांधलेली मोठी कामं दे. आणि एकदा आलेलं माणूस दुसरीकडे जाऊ नये, असं कर."

सगळ्यात मोठा आमेन काकांचा होता, कारण आमेननंतर चहा असायचा.

सोमवारी सकाळी काका पाव आणायला गेले ते हसतच परत आले.

"अगं, तुझ्या प्रार्थनेचं दुकान बघून आलो."

"हो? कसलं आहे?"

"माझ्या तोंडून नको. तूच जाऊन बघ."

"अहो, बऱ्या बोलानं सांगा."

"इस्त्रीचं. वाफेची मशीन आहे. कपडा नुसता समोर धरला की सरळ होतो, पोलीस बघितल्यासारखा."

मावशीच्या हातातली इस्त्री हवेतच राहिली.

"आणि दोन्ही टोकांनी गिऱ्हाईक मागितलंस," काका खुर्चीत टेकत म्हणाले. "गल्लीला टोकंच दोन. आपल्या वाट्याला काय, मधला खड्डा?"

देवाची तऱ्हा बघा. मंडळीतल्या त्या सासूबाईंचा गुडघा कित्येक महिने तसाच ठणकत होता, पण ही प्रार्थना मात्र त्यानं लगोलग मनावर घेतली. आधी बँकेतल्या पोरांचे शर्ट गेले. मग शाळेच्या बाईंचे कपडे. फळ्यांवरचे ढीग बसत चालले. शेवटी एकच मोठं काम उरलं, लॉजच्या चादरी. कोपऱ्यावर पाहुण्यांना खोल्या देणारं लॉज होतं, तिथलं चादरींचं बोचकं दर आठवड्याला यायचं. त्यावर घरभाडं निघायचं.

"परत मागून घे की," काका म्हणायचे.

"प्रार्थना म्हणजे काय उसनी वाटी आहे?"

तरी एकदा तिनं करून बघितलं. सकाळी इस्त्री तापेपर्यंतचा वेळ तिचा आणि देवाचा. त्या वेळात ती म्हणाली, "प्रभू, त्या रविवारी मी जरा घाईत बोलले..." आणि तिथेच अडली. पुढे काय म्हणणार? त्या पोरांच्या हातातलं काढून घे? हे काही तोंडातून निघेना. मग तिनं मनाशी ठरवलं, बोलले ते बोलले. रोज सकाळी त्या दुकानासाठी तीच प्रार्थना पुन्हा करायची. मनापासून नाही झाली तरी रोज करायची.

"दात खाऊन प्रार्थना करणारी तू पहिलीच," काका म्हणाले.

"दात माझे, देव माझा. तुम्ही पाव खा."

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग कोटाचं प्रकरण झालं.

नाक्यावर औषधांचं दुकान होतं. तिथला औषधवाला पांढरा कोट घालून बसायचा, आणि तो कोट वर्षानुवर्षं मावशीकडे यायचा. नवं दुकान उघडायच्या थोडं आधी औषधवाल्याची बायको कोट पदराखाली लपवून घेऊन आली होती. घाईत तिनं घरीच इस्त्री फिरवली होती आणि पाठीला, कमरेच्या पट्ट्याखाली, चांगला तपकिरी चटका बसला होता.

"मावशी, यांना कळलं तर वर्षभर ऐकवतील हो. काहीतरी करा."

"डाग काही जायचा नाही, बाई. पण घडीत लपवते, आणि माझ्या तोंडून कुणाला कळायचं नाही. अंगात घातल्यावर स्वतःची पाठ कुणाला दिसते?"

दोघी हसल्या होत्या. पुढे औषधवालाही नव्या दुकानाकडे वळला. तिथे घड्या नव्हत्या, कपडे हँगरला अडकवून मिळायचे. कोट टांगलेला होता, पाठ गिऱ्हाइकाकडे करून. डाग पहिल्यांदा त्याच्या नजरेस पडला तो तिथे. त्यानं भर दुकानात आवाज चढवला, कोट जाळला म्हणून. तो पोरगा "आम्ही नाही, आम्ही नाही" म्हणत राहिला, पण चोर कधी कबूल होतो का, असं चार लोक म्हणाले. औषधाच्या दुकानात दिवसभर माणसांची रीघ. खोकल्याच्या बाटलीबरोबर प्रत्येकाला ही बातमी फुकट मिळू लागली.

आणि मावशीचे शर्ट परत यायला लागले. बँकेतली पोरं आली. शाळेच्या बाई आल्या. "आपली मावशीच बरी," म्हणाल्या. "तिकडे कपडे जाळतात म्हणे."

मावशीनं कपडे घेतले, मोजले, फळीवर ठेवले. खोटं ती एक अक्षर बोलली नाही. नुसती तोंडात मिठाची गुळणी धरली.

त्या दिवसापासून तिची सकाळची प्रार्थना बिघडली. इस्त्री तापायची, पाणी टाकलं की चुर्र व्हायची, आणि हिचं वाक्य अर्ध्यावर राहायचं. "त्या लेकरांचं दुकान..." एवढं म्हटलं की तिला कोट दिसायचा. देव समोर बसून "बरं, पुढे?" असं विचारतोय, असं वाटायचं. ती मग भराभरा सासूबाईंच्या गुडघ्याकडे वळायची.

रविवारी शेवटचा बाक रिकामा दिसला. पुढच्या रविवारीही रिकामाच.

मग एका दुपारी लॉजच्या मॅनेजरबाई स्वतः आल्या. एरवी त्या बोचकं गड्याबरोबर पाठवायच्या. आज खिडकीशी उभ्या राहिल्या, चष्मा पुसला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"मावशी, तो मशीनवाला चादरींचं काम मागतोय. लवकर देतो म्हणतो. पण कोट जाळल्याचं कानावर आलंय. तो तुमच्या चर्चचा ना? तुमच्या शब्दावर जाईन मी. काम देऊ का त्याला?"

काका खुर्चीत ताठ झाले. त्यांना कोटाचं सगळं ठाऊक होतं. इतक्या वर्षांच्या संसारात घडीतलं काय लपून राहतं?

मावशीला खोटं बोलायची गरजच नव्हती. "मी बाई काय सांगणार?" एवढं पुरलं असतं. नुसता एक सुस्कारा टाकला असता तरी चादरी घरात राहिल्या असत्या. भाडं सुटलं असतं.

तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"कोट त्यानं जाळलेला नाही," ती म्हणाली. "तो डाग आधीचा. कोट माझ्याकडे यायचा तेव्हापासूनचा."

मॅनेजरबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "म्हणजे तुमच्या हातून झालं?"

"माझ्या हातून नाही."

"मग कुणाच्या?"

"ते नका विचारू. मी शब्द दिलाय. त्या पोरांचा हात नाही, एवढं पक्कं समजा. काम चांगलं करतात ती."

"अहो पण मावशी, डाग आधीचा, कोट तुमच्याकडे, आणि म्हणे तुम्ही नाही. मी समजायचं तरी काय?"

"तुम्हाला पटेल ते समजा, बाई."

मॅनेजरबाई "हं" म्हणाल्या. त्या "हं"मध्ये बरंच काही होतं. पुढल्या आठवड्यात बोचकं आलं नाही.

काका त्या दिवशी टोमणा मारायचा विसरले. दोन कप चहा त्यांनीच केला, एक तिच्यापुढे ठेवला. साखर जरा जास्तच पडली होती.

"बोललीस ना खरं?" ते म्हणाले. "झालं तर मग. भाड्याचं बघू. मी विचारतो कुठे वॉचमन हवाय का. आता तरी तोंड उघडून प्रार्थना कर, घर सुनं वाटतं."

"नाही झालं अजून."

"आता काय राहिलं?"

"मॅनेजरबाईंनी विचारलं म्हणून बोलले. नसतं विचारलं तर?"

काका उठले. त्यांनी चप्पल शोधून तिच्या पायांशी सरकवली.

नाक्यावर औषधवाल्याची बायको दुकानात उभी होती. मावशीला बघून तिनं मान फिरवली. मावशी पायरीशी क्षणभर थांबली आणि हळूच म्हणाली, "तुझं तू बघ, बाई. मी माझं करून येते." आणि पुढे गेली.

मशीनच्या दुकानात त्या तरुणाची बायको एकटीच होती. नळीतून वाफ निघत होती, भिंती ओलसर झाल्या होत्या. टेबलावर लॉजच्या चादरींचा डोंगर. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्याला निळा दोरा होता, लॉजची खूण म्हणून मावशीनंच घातलेला.

"ते नाहीत. कपडे पोचवायला गेलेत," मुलगी मान वर न करता म्हणाली.

"तुझ्याकडेच आले मी."

मुलीनं मशीन बंद केली. वाफेचा आवाज थांबला आणि मावशीला एकाएकी काही सुचेना. देवापुढे जिची जीभ कधी अडली नाही, त्या बाईला एका पोरीपुढे शब्द सापडेनात. मापं नाहीत, पत्ता नाही, काही नाही.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"मॅनेजरबाई म्हणाल्या, तुम्ही आमच्या बाजूनं बोललात."

"ते आत्ता. पण डाग कुठला ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी गप्प बसले. माझी गिऱ्हाइकं परत येत होती म्हणून."

मुलीनं हातातली नळी खाली ठेवली.

"आम्ही रविवारी यायचं बंद केलं," ती म्हणाली. "सगळे मागे वळून बघतायत असं वाटायचं. मी यांना म्हटलं, परत गावी जाऊ. हे म्हणाले, नको, इथे आपल्यासाठी प्रार्थना करणारं माणूस आहे." तिनं डोळे पुसले. "करत होतात तुम्ही? प्रार्थना?"

"रोज. अलीकडे अर्धीच."

"आणि गप्पही होतात."

"रोज," मावशी म्हणाली.

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मुलीनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

"मला आज 'असू दे' म्हणता येणार नाही, मावशी."

"नको म्हणू. मी म्हणायला लावायला नाही आले."

"मग?"

"थोडा वेळ बसते. जा म्हणालीस तर जाईन."

मुलगी जा म्हणाली नाही. कोपऱ्यात एक स्टूल होतं, त्यावर मावशी बसली. मुलीनं मशीन पुन्हा सुरू केली, एक चादर सरळ केली आणि एकटीनंच तिची घडी घालायला लागली. मोठ्या पलंगाची चादर ती. एक टोक हनुवटीखाली धरलं की दुसरं जमिनीला लागायचं. दोनदा घसरली. उठून धरावी असं मावशीच्या हातांना फार वाटलं, पण तिनं ते मांडीवर दाबून ठेवले. आज मदत करणंसुद्धा आगाऊपणा झाला असता.

तिसऱ्यांदा चादर घसरली तेव्हा मुलगी थांबली. मावशीकडे न बघताच तिनं दोन टोकं पुढे केली.

मावशी उठली. टोकं धरून मागे मागे गेली, पार दारापर्यंत. दोघींनी चादर ताणली, झटकली, दुमडली. मग एकमेकींकडे चालत आल्या, टोकाला टोक लावलं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. प्रत्येक घडीबरोबर अंतर कमी होत गेलं. शेवटच्या घडीला दोघींचे हात एकमेकींना लागले. मुलीचे हात वाफेनं गरम होते. तिनं मावशीच्या बोटांतून टोकं काढून घेतली, चादर टेबलावर ठेवली, वरून तळवा फिरवला.

"दुसरी धरा," ती म्हणाली.