मनात वीस मोजायचे

माझा प्रश्न अजून तोंडातच होता, तेवढ्यात चौथीतले निम्मे हात वर.

"बाई, सहा!"

मी विचारणार होते, चोवीस काड्या चौघांत वाटल्या तर प्रत्येकाला किती? उत्तर एकदम बरोबर. प्रॉब्लेम एवढाच, की मी प्रश्न विचारलाच नव्हता. आणि मागच्या बाकावर साळवे मॅडम वही उघडून बसलेल्या!

थांबा, आधीचं सांगते. भोसरीतल्या महापालिकेच्या शाळेत मी तीन वर्षं चौथीला शिकवतेय. यंदा आमचे मुख्याध्यापक मोरे सर आणि चाकणच्या पुढच्या एका झेडपी शाळेच्या मुख्याध्यापिका साळवे मॅडम, या दोघांनी आपसांत ठरवलं, की एकमेकांच्या वर्गात जाऊन बसायचं. एकाने शिकवायचं, दुसऱ्याने मागे बसून बघायचं, मग दोघांनी बोलायचं. मी हौसेने पहिला नंबर लावला. माझ्या वर्गाला भागाकार येत नव्हता आणि ही पोरं दोन महिन्यांत पाचवीत जाणार होती.

आणि मी काय केलं? पाहुणे येणार म्हणून त्याच पाठाची दोन दिवस प्रॅक्टिस घेतली! इन्स्पेक्शन म्हटलं की आमच्याकडे हेच चालतं. भिंतीवर नवे तक्ते, रंगीत खडूने सुविचार, पोरांना उत्तरं पाठ.

साळवे मॅडम उठल्या. "चोवीस राहू दे. बावन्न काड्या चौघांत वाटा बरं."

गौरी आमची सगळ्यात धीट. ठणकावून म्हणाली, "सहा!"

कोणीच हसलं नाही. कारण सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं होतं.

नंतर ऑफिसात चहा आला. "पाठ छान झाला," साळवे मॅडम म्हणाल्या. "पण कधी झाला? आज की परवा?"

माझे कान गरम. मोरे सरांचं बिस्किट चहात पडलं. "अहो मॅडम, तरुण आहे ती, उत्साहात…"

"उत्साह दिसला, सर. पण मी दोन बस बदलून आले ते न जमणारं बघायला. जमणारं माझ्याकडेपण आहे." मग म्हणाल्या, "तुम्ही वर्गावर शेवटचा तास कधी घेतलात?"

सर चमच्याने बिस्किट काढायला लागले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आणि तू. प्रश्न विचारतेस आणि उत्तरपण तूच देऊन टाकतेस. दोन सेकंद थांबत नाहीस."

"थांबते की हो मॅडम, मी तर उलट…"

"बघ. आत्तापण."

पुढच्या आठवड्यात सर आणि मी त्यांच्या शाळेत गेलो. पहिली ते चौथी एकाच खोलीत! मॅडमनी तिसरीतल्या एका मुलीला बेरीज विचारली आणि गप्प उभ्या राहिल्या. ती मुलगी फळ्याकडे बघतेय, मॅडम तिच्याकडे बघतायत. मला बसवेना. सरांना कोपर मारलं, "सर, मी हळूच सांगू का तिला?"

"गप बस गं!"

आणि तिने सांगितलं. स्वतः. कसं केलं तेपण सांगितलं.

"मनात वीस मोजायचे," मॅडम डबा उघडताना म्हणाल्या. "शांतता पोरांना नाही टोचत. आपल्याला टोचते."

तिसऱ्या फेरीला मॅडम पुन्हा भोसरीत आल्या. मंगळवार होता. प्रॅक्टिस शून्य. मागे मॅडम, शेजारी मोरे सर. पुन्हा बावन्न काड्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे, रबर लावलेले, आणि दोन सुट्या. वाटायला गौरी.

चौघांना एकेक गठ्ठा दिला. उरला एक गठ्ठा आणि दोन काड्या. गौरी थांबली. माझ्याकडे बघायला लागली.

मी मोजायला लागले. सातला कोणीतरी कुजबुजलं, मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. बाराला मी जीभ अक्षरशः दातांत धरली. सोळाला गौरीने गठ्ठा खाली ठेवून दिला. संपलं, मी मनात म्हटलं. आता सांगूनच टाकावं.

एकोणीसला तिने गठ्ठा परत उचलला आणि रबर काढलं.

"बाई, हे सोडलं तर चालतं ना?"

मी तेवढ्यालाही उत्तर दिलं नाही. ती तोवर वाटायलाही लागली होती. चौघांच्या काड्या एकेक करून मोजल्या, आणि या वेळी न ओरडता म्हणाली, "तेरा."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही. पण जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला अपूर्णांक शिकवायला जमत नाहीत ते दाखवते. तू ये."

वार्षिक परीक्षेपर्यंत बहुतेकांना भागाकार यायला लागला. सहाजण अजून अडतात. त्यांची नावं मी पाचवीच्या बाईंना उघड सांगून टाकली, लपवली नाहीत. मोरे सर आता दर गुरुवारी सहावीवर एक तास घेतात आणि मागे मी बसते.

"सर, आज चार सेकंद थांबलात."

"मोजतेस काय गं तू?"

मोजते ना! शिकले एवढंच: पाहुणे येणार असतील तर वर्ग झाडून घ्यावा. पाठ आहे तसाच राहू द्यावा.