जिवाणूंच्या मदतीला मोरचूद

आमच्या बाबांच्या लेखी औषध म्हणजे मारणारं. डब्यावर कवटी हवी, झाकण उघडताच डोळ्यांतून पाणी यायला हवं, आणि वास शेजाऱ्याच्या बांधापर्यंत पोचायला हवा. अशा माणसापुढे मी जिवाणूंचं पाकीट ठेवलं. मी आदिलाबादला कचेरीत पंख्याखाली बसतो, त्यामुळे शेतीतलं मला सगळं कळतं हे उघडच आहे.

मावला गावातल्या आमच्या मळ्यात वांग्यांवर मर रोग आला होता. काल टवटवीत असलेलं झाड आज मान टाकायचं. "या साली वांगे गेले तर भाजीपाला बंद. कापूस लावतो," असं बाबांनी जाहीर केलं होतं. मला ते नको होतं. बाबांची सगळी ऐट, मंडीतली भावाची सगळी भांडणं त्या वांग्यांवरच उभी होती.

"हे काय करते?" त्यांनी पाकीट उलटंपालटं करत विचारलं.

"मुळापाशी राह्यते. रोगाले जागा देत नाही. झाडालेबी जोर येते."

"जितं हाय? मंग खाते काय?"

"थोडा गूळ टाका लागते."

मी घरात जावई आणल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. तरी पाहुणचारात कसर नाही केली. शेणखतात पावडर कालवून सावलीत ढीग केला, वर ओलं पोतं टाकलं, आणि रोज त्यावर पाणी शिंपडण्याचं काम बाबांनीच घेतलं. मग एका रविवारी आम्ही दोघांनी ते खत झाडांच्या बुडाशी घातलं. मी विजयी मुद्रेनं कचेरीत परतलो.

पुढच्या रविवारी बघतो तर प्रत्येक झाडाचं बूड निळं. मोरचुदाचं पाणी!

"बाबा, हे काऊन टाकलं?"

"तुह्या जिवाणूयले मदत. एकटे काय करतीन ते बिचारे? अन् वांगे मेले असते तं लोकं तुले हासले असते."

मोरचूद मारायला बसला की मित्र कोण, शत्रू कोण, याची चौकशी करत नाही. मला भयंकर राग आला. पण ते पाणी माझ्या अब्रूसाठी ओतलेलं होतं, आणि अशा माणसावर ओरडायचं तरी काय!

मर ओळीओळीनं पुढे सरकत गेली. मंडीत लोकांनी विचारलंच, "काय झालं लेकाच्या जंतूयचं?" मी मागे उभा होतो, जिवाणूशास्त्रावरचं व्याख्यान तयार होतं. घसरून पडले तरी रस्त्याला दोष देणारे आमचे बाबा चारचौघांत म्हणाले, "त्याचं औषध बराबर होतं. म्याच मारलं त्यायले."



यंदा मळ्यात कापूस आहे. वांगी मी बाजारातून आणतो. बाबा ती निवडून बघत नाहीत, भावही विचारत नाहीत. ताटात वाढलेली खातात.