ताईचा घसा, कंपनीचं मत

माझी ताई फाटक्या तोंडाची. चहा झाला का असं विचारलं, तर "नाही, तुझीच वाट बघत बसलाय तो," हे उत्तर. पण कारखान्यात तीच ताई जिभेवर साखर ठेवून बोलायची. दरवाज्याजवळच्या काचेच्या खोलीतून ती माइकवर सांगे, "हेल्मेट घाला. घरी कुणीतरी वाट पाहतंय." गल्लीत तिला सगळे भोंगा म्हणत. आमचे वडील, आबा, म्हणायचे, "गोड बोलण्याचा पगार मिळतो तिला. आपल्यावर फुकट कशाला घालवेल?"

आबांची नजर गेली होती, कान तेवढे शाबूत होते. दुपारी ते पायरीवर बसून चौकापलीकडून येणारा लेकीचा आवाज ऐकत बसायचे.

मग कंपनीला आमच्या गल्लीतून ट्रकचा रस्ता हवा झाला. नगरपालिकेने ठरवलं, गावाचं मत घेऊ, होय की नाही. आबांना दमा. रस्ता जाणार तो त्यांच्या खाटेच्या भिंतीला लागून. ताई म्हणाली, "त्या धुळीत हा माणूस वर्ष काढणार नाही." घरोघर जाऊन लोकांना 'नाही' म्हणायला सांगायचं तिने ठरवलं.

तिच्याआधी प्रचाराची गाडी आली. कर्ण्यातून ताई बोलत होती, "रस्ता आपल्या मुलांसाठी आहे. होय म्हणा." आणि ताई तर माझ्यासमोर भांडी घासत होती. पातेलं हातात तसंच राहिलं.

ती वाक्यं तिने जन्मात म्हटली नव्हती. पूर्वी कधीतरी, सूचनांसाठी म्हणून, कंपनीने तिच्याकडून ढीगभर वाक्यं बोलून घेतली होती. आता संगणक त्या आवाजात हवं ते बोलत होता. ती तडक साहेबांकडे गेली. साहेब सभ्य. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आवाज तुमचा असेल बाई, रेकॉर्डिंग कंपनीचं आहे. तुम्हीच सही केलीत. आणि कंपनीलाही मत असतं. ते मांडायचा हक्क कोर्टाने दिलाय."

"आणि माझं मत?"

"आहे ना. फक्त बाहेर बोलू नका. लोक तुम्हाला कंपनीचा आवाज म्हणून ओळखतात, उगाच गैरसमज होईल."

मला या हक्काचं फार कौतुक वाटतं. कंपनीला दमा होत नाही, तिच्या दारावरून ट्रक जात नाहीत, ती मेली तरी कुणाला खांदा द्यावा लागत नाही. तरी तिला मत होतं. घसा तेवढा नव्हता, तो आमच्या घरातून नेला.

ताईने नोकरीवर पाणी सोडलं आणि ती गावाच्या सभेत बोलायला उभी राहिली. भांडून भांडून तिचा घसा बसला होता. "माझ्या वडिलांना दमा आहे," एवढं बोलली, तोच मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, सकाळी तर गाडीवरून तुम्हीच होय म्हणत होतात." लोक हसले. शेजारीणही म्हणाली, "नक्की काय ते एकदा ठरव बाई." तो फाटका आवाज ऐकून ताईच कुणाची तरी वाईट नक्कल करतेय असं वाटत होतं.

उरले आबा. त्यांना तिने संगणकाचं सांगून पाहिलं, तर ते हसले. "माझ्या पोरीचा आवाज मला कळत नाही होय?" मग ती रोज त्यांच्या खाटेशी उभी राहून ओरडायची, "नाही म्हणायचं. कळलं? का आता बहिरेही झालात?" आबा मान डोलवायचे.

मतदानाला मी त्यांना हाताला धरून नेलं. आत मदतीला मतदान केंद्रातल्याच एक बाई होत्या, मला बाहेर थांबवलं.

निकालात होय भरघोस जिंकलं. आमच्या एका मताने काही फरक पडला नसता. तरी ताईने विचारलं, "तुम्ही तरी नाही म्हणालात ना?"

"होय म्हणालो."

"रोज कानीकपाळी ओरडत होते ना मी?"

"तेच तर," आबा म्हणाले. "घरात तू चिडून बोलायचीस. बाहेर कसं शांतपणे, नीट समजावून सांगितलंस. मला वाटलं, विचार करून बोललीस ते तेच." थोडं खोकून ते पुढे म्हणाले, "फार छान बोलतेस गं. माझ्याशी कधी बोलली नाहीस तशी."

ताई काहीतरी सांगायला खाटेवर टेकली. तेवढ्यात आभार मानणारी गाडी गल्लीत शिरली.

"थांब जरा," आबा हात वर करून म्हणाले, "ऐकू दे."