घोडी बांधायची की चालवायची

आमची घोडी बोर्डीच्या किनाऱ्यावर पाहुणे फिरवायची आणि लग्नसराईत नवरदेव. पण तीन उन्हाळे तिला घोड्याकडे नेली आणि तिन्ही वेळा ती रिकामी राहिली.

घोडी लावून आणली की पुढचं सगळं बायकोकडे. घरामागे चिकूखाली उतार आहे. तिथे ती घोडीला तोंड खाली, मागचे पाय वर अशी बांधायची. दोन दिवस हलू द्यायची नाही, बीज सांडेल म्हणून. पाणीसुद्धा बादली तोंडाशी धरून पाजायची आणि फडक्याने माशा हाकलत शेजारी बसायची. मी म्हणायचो, "घोडी राहू दे, तुलाच बांधून घातल्यासारखं झालंय." ती म्हणायची, "माझी पहिली दोन गेली. तिसऱ्या वेळी खाटेच्या पायथ्याला विटा लावून तीन महिने पडून राहिले, तेव्हा ही पोर राहिली." पोर तर डोळ्यासमोर होती.

नोटा बदलायच्या रांगा लागल्या होत्या त्या दिवसांत बायको तापाने गेली. आठ दिवसांत खेळ संपला. अंथरुणावरून मला म्हणाली, "घोडी म्हातारी होत चालली. तिच्या पोटचं एक तरी दारात पाहिजे. अजून एकदा न्या तिला." मी हो म्हटलं. घोडीला सतरावं लागलं होतं, त्यामुळे एकदाच म्हणजे खरोखर एकदाच.

वैशाखात घोडी माजावर आली. माझी पोर तलासरीत दिली आहे, तिच्याच गावाजवळ एकाकडे चांगला घोडा होता. सकाळी घोडी लावली, टेम्पोत घालून घरी आणली आणि बायको बांधायची तशी उतारावर बांधली. पोर सोबत आली होती. तिने मला न विचारता गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून ठेवलं होतं. बाई तरुण, पण आधी घोड्यांच्या मोठ्या तबेल्यात काम केलेल्या. दुपारी आल्या, मशीन लावून आत पाहिलं.

"काका, गर्भपिशवीत पाणी साठलंय."

"मग?"

"बीजाबरोबर घाणही आत जाते. पिशवीला कळा येतात, ती आवळते आणि घाण बाहेर टाकते. चांगलं बीज तोवर वर नळीत पोचलेलं असतं, ते सांडत नाही. पण वयाच्या घोडीची पिशवी लोंबते, कळा कमी पडतात. पाणी आत राहिलं तर गर्भ टिकत नाही." मग उताराकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही तिला उलटी बांधलीय. पाणी निघणार कुठून?"

मला राग आला. तीन उन्हाळे माझ्या बायकोने उन्हात बसून काढले, आणि ही कालची पोरगी सांगते की त्यानेच वाटोळं झालं. मी म्हटलं, "चहा घ्या आणि या."

बाई निघाल्या नाहीत. "काकींनी जीव लावून केलं, ते दिसतंय मला. पण इंजेक्शन आत्ताच द्यावं लागेल. उद्या उपयोग नाही."

पोर म्हणाली, "बाबा, आईचं चुकलं म्हटलं म्हणून ती काय भांडायला येणार आहे?"

"आली तर बरंच होईल," मी म्हटलं.

मी उठलो आणि दावं सोडलं. गाठ मारली मीच होती, पण सुटता सुटेना.

इंजेक्शन कळा आणायचं होतं. थोड्या वेळाने घोडीने शेपूट उचलली आणि गढूळ पाणी भळाभळा आलं. बाई म्हणाल्या, आता चालवा. मी तिला वाळूवरून शेजारच्या चिखले गावापर्यंत नेली आणि परत आणली. वाटेत बायकोला सांगितलं, तुझ्या मनाविरुद्ध करतोय, पण तुझ्यासाठीच करतोय. मोठ्याने बोललो. पाहणारे पाहोत.

पंधराव्या दिवशी बाईंनी मशीनमध्ये काळा गोल ठिपका दाखवला. म्हणाल्या, गर्भ आहे. चहा घेऊन पुन्हा पाहिलं तर ठिपका जागेवर नाही. बाईंनी हात दुसऱ्या बाजूला नेला, तर तिथे होता.

"फिरतोय, काका. घोडीचा गर्भ पहिले पंधरा-सोळा दिवस पिशवीभर हिंडतो. पिशवीच आवळून त्याला इकडून तिकडे ढकलते. सगळीकडे कळलं पाहिजे ना, आपण आलोय म्हणून. मग एका जागी बसतो."

मी विचारलं, "म्हणजे बांधायची नाही?"

"अजिबात नाही. हिंडू दे."

पुढच्या चैत्रात, विवळवेढ्याची जत्रा चालू असताना, पहाटे शिंगरू झालं. मादी, कपाळावर पांढरा टिळा. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं. मी हात लावला नाही. कधी लावायचा आणि कधी नाही, हे बाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. त्याने पहिल्यांदा आईचा गुडघा चोखला, मग खांबाला तोंड लावलं, मग कुठे आचळ सापडलं. ते पिऊ लागलं तशी घोडीला पुन्हा कळ आली आणि थोड्या वेळाने गर्भाभोवतीची वार पडली. मी ती गोणपाटावर पसरून नीट पाहिली. अख्खी होती, घोडीच्या आत तुकडाही राहिला नव्हता. मग हात धुतले आणि पोरीला फोन लावला.