परत जाणारा डबा
डब्यातल्या नाचणीच्या भाकरीचा वास आला की भोरची आमची कॉलेजातली खोली आठवते. नापास झाल्यापासून माझा सोबती भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. वेल्ह्याहून त्याच्या आईनं एसटीनं धाडलेला डबा तो कुत्र्याला घालायचा आणि रिकामा परत धाडायचा. एकदा मी भरलेलाच डबा स्टँडवर न्यायला उचलला. तो दचकून उठला. "नगं, आय घाबरंल." चार दिवसांत पहिल्यांदा बोलला. मी म्हणालो, "मग हितंच रिकामा कर. तवर म्या कुठं जात न्हाई." माझे दोन तास बुडाले, पण त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. पुढं वर्षभर मी रोज तसाच समोर बसलो. आज त्याच्या सुनेचा फोन आला, बायको गेल्यापासून तो जेवत नाही. दोन भाकरी डब्यात घालून मी निघालोय.