दिवेलागणीला वर बघणारी

त्या सकाळी आमच्या विद्यापीठाची बस सावेडीतल्या नेहमीच्या कोपऱ्यावर थांबली, तेव्हा वंदना तिथे नव्हती. ड्रायव्हर रफिकभाईंनी हॉर्न दिला, पुन्हा दिला. शेजारची जागा मी रोजच्यासारखी पर्स ठेवून अडवली होती. ‘साळवे मॅडम सुट्टीवर का आज?’ रफिकभाईंनी आरशातून विचारलं. ‘ती आणि सुट्टी?’ मी म्हटलं, आणि मागचे दोघं-तिघं हसले. हसणं थांबायच्या आतच माझा फोन वाजला. तिचा भाचा बोलत होता. ‘मॅडम, आत्या गेली… झोपेतच गेली.’ मी तशीच उतरले आणि रिक्षा शोधू लागले. पर्स सीटवरच राहिली. दुसऱ्या दिवशी ती आणून देताना रफिकभाई म्हणाले की दिवसभर त्या जागेवर कुणी बसलं नाही. मी पर्स घेतली.

वंदना साळवे आमच्या विद्यापीठात समुपदेशक होती. विद्यापीठ म्हटल्यावर मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. नगरपासून तासाभराच्या अंतरावर, उघड्या माळावर उभ्या असलेल्या चार इमारती, मध्ये करपलेली हिरवळ आणि सतत वाहणारा वारा. मी तिथे संख्याशास्त्र शिकवते. तिच्या खात्याचं नाव ‘विद्यार्थी साहाय्य केंद्र’. सुरुवातीला ही खोली दर्शनी दाराजवळ होती, भिंती काचेच्या. उद्घाटनाला फीत कापली, फोटो निघाले, आणि नंतर तिथे एक पोरगी फिरकेल तर शपथ! येणारा-जाणारा प्रत्येकजण बघणार, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॅम्पसभर होणार की अमकीच्या डोक्यावर परिणाम झालाय. ‘मत्स्यालय आहे गं हे,’ वंदना म्हणायची, ‘आणि मासा एकच, तो म्हणजे मी.’ पुढे ती खोली प्रवेश विभागाला हवी झाली आणि केंद्र कँटीनच्या मागे गेलं. तिथून जनरेटरशेजारच्या कोठीत. दर वेळी खुर्ची उचलताना ती हसायची. मला हसू यायचं नाही. ज्या घरात म्हाताऱ्याची खाट ओसरीवरून परसात जाते, तिथे पुढे काय होणार हे सांगावं लागत नाही.

पण तिचं खरं काम खोलीत नव्हतंच. आठवड्यातले काही दिवस ती बस सोडून मागे थांबायची आणि दिवेलागणीला मुलींच्या वसतिगृहासमोरच्या मैदानात येऊन उभी राहायची. हातात छत्री, मान वर. एकेक खिडकी उजळायची. कोणती खोली रिकामी आणि कोणत्या खोलीत कोण, हे तिला तोंडपाठ. पोरगी आत आहे आणि तरी खिडकी अंधारी आहे, असं दिसलं की ही जिना चढायला लागायची. मला हा सगळा वेडेपणा वाटायचा. झोपली असेल, आंघोळीला गेली असेल, शंभर कारणं असतात, मी वाद घालायचे. ती म्हणायची, ‘शारदे, दिवसाउजेडी रडणारीची मला भीती नाही. काळोख पडला तरी उठून बटण दाबावंसं वाटत नाही ना, तिची भीती वाटते. तुझ्या सरासरीत अशी एकटी पोरगी सापडत नाही.’

वर गेल्यावर ती काय करायची, हे मी एकदाच पाहिलं. मला वाटलं होतं आता धीराचं भाषण होणार. तर ही बाई दाराबाहेर जमिनीवर बसली, दारावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाली, ‘पाणी दे गं, जिने चढून दम लागला.’ बस्स. काय झालं, का झालं, काही नाही. बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं आणि पेला बाहेर आला. परत येताना मी विचारलं, हे कसलं समुपदेशन? ‘दुसऱ्याला पाणी द्यायला माणूस उठला की तो इथे असतो,’ ती म्हणाली, ‘बाकीचं मग बोलता येतं.’ सोनईजवळच्या त्यांच्या वस्तीवर तिची आई असंच करायची म्हणे. कुणाच्या घरात भांडण ऐकू आलं की ही पाणी मागायला दारात हजर.

त्या खिडक्यांमधूनच आम्हाला सारिका सापडली. म्हणजे माझ्या वर्गात ती होतीच, पाथर्डीकडच्या एका गावची, हुशार आणि अबोल. आई-बाप दर हंगामाला ऊसतोडीला जाणारे. घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं. टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, एकट्याला काम मिळत नाही, त्यामुळे हंगाम तोंडावर आला की सोयरिकींची घाई होते. शेवटचं वर्ष होतं तिचं, आणि शिक्षण सोडून कोयता हाती घ्यायचा होता. तिच्या खिडकीत लागोपाठ अंधार राहू लागला तेव्हा वंदनाने पाणी मागितलं, आणि मग एका रविवारी मला हाताला धरून तिच्या गावी नेलं. तिचा बाप दारातल्या बाजेवर बसला होता. वंदना फार बोललीच नाही, तोच बोलत राहिला आणि बोलता बोलता ढिला पडला. शेवटी म्हणाला, ‘तुमी येवढं घरापतुर आलात, तर परीक्षेपतुर थांबतो. पर मॅडम, ह्यो शब्द तुमाला दिला बरं का. दुसऱ्या कुनाला न्हाई.’ वंदना खूश झाली. मला मात्र ते खटकलं. एका माणसाच्या जिवावर टांगलेला शब्द… बोलून दाखवलं असतं तर तिने मला घाबरट म्हटलं असतं.

मग एक समिती यायची ठरली. विद्यापीठाची तपासणी होणार, गुण मिळणार. आता आमचं वसतिगृह निम्मं रिकामं, आणि रिकामी इमारत बरी दिसत नाही. प्रशासन अधिकाऱ्यांच्या सुपीक डोक्यातून तोडगा निघाला. प्रत्येक खोलीत नेहमीच्या दिव्याशिवाय खिडकीच्या वर आणखी एक ट्यूब बसवली आणि सगळ्यांचं बटण एकच, खाली रेक्टरच्या ऑफिसात. संध्याकाळ झाली की खट्‌ करून अख्खी इमारत उजळणार, खोलीत माणूस असो वा नसो. पहिल्या दिवशी आम्ही सगळे बघायला उभे होतो. अधिकारी म्हणाले, ‘हायवेवरून कसं भरल्यासारखं वाटेल, नाही?’ टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारी वंदना उभी होती, मान वर, आणि तिचा चेहरा त्या उजेडात पांढराफटक पडला होता. ‘शारदे,’ तिने माझं मनगट घट्ट धरलं, ‘आता मला काहीच दिसत नाही गं.’

तिने अर्ज-विनंत्या केल्या. समिती येऊन गेली की बघू, असं उत्तर मिळालं. समिती आली, जेवली, गेली. दिवे राहिले. आता मोबाइलवर एक अॅप आलं होतं, त्यात मुलींनी रोज हसरा किंवा रडका चेहरा निवडायचा. सगळ्या जणी हसरा निवडत होत्या. वंदना तरीही मैदानात उभी राहायची, त्या झगमगाटाकडे बघत, आणि मग एकेक मजला चढून प्रत्येक दारासमोर कान देत फिरायची. तिला धाप लागायची. तपासून घे म्हणून मी भांडले, तेव्हा ‘दिवाळीच्या सुट्टीत’ म्हणाली. दिवाळी आलीच नाही तिची. मला राग येतो, अजूनही येतो. तिचा येतो, त्या बटणाचा तर फारच येतो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिच्या घरी पांढऱ्या कपड्यांची गर्दी होती. तिची आई मला जवळ ओढून म्हणाली, ‘सगळ्यांच्या पोरी बघितल्या तिनं. तिच्याकं बघायचं कुनाच्या ध्यानात आलं न्हाई.’ पायऱ्यांवरून उतरले तर सारिका भिंतीला टेकून उभी. ‘मॅडम,’ ती हळूच म्हणाली, ‘बापू म्हन्तो, शब्द ज्यांना दिल्ता त्याच न्हाईत. आता कशाला थांबायचं?’ मी तिला म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी. तिने मान डोलावली. तिचा विश्वास बसला नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मी सारिकाच्या बापूंना फोन लावत राहिले. तो लागायचा नाही. दसरा झाला, टोळ्या हलल्या, श्रीगोंद्याकडे जाणारे ट्रॅक्टर रस्त्याने दिसू लागले. सारिका वर्गात यायची बंद झाली. रेक्टर शिंदेबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘हाय की खोलीत. दिवा तर रोज दिसतोय.’

त्या संध्याकाळी मी बस सोडली. मैदानात जाऊन वंदनाच्या जागेवर उभी राहिले. सूर्य बुडाला, वारा सुटला, आणि खट्‌… सगळ्या खिडक्या एकदम पेटल्या. इतका उजेड आणि माणसाची चाहूल नाही. सारिकाची खोली तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात, तीही बाकीच्यांसारखीच लखलखीत. मी बघत राहिले, आणि वंदना काय म्हणाली होती ते मला तेव्हा कळलं.

मी सरळ रेक्टरच्या ऑफिसात शिरले आणि ते बटण बंद केलं. शिंदेबाई ओरडल्या, ‘अवो मॅडम, काय करताय? सायेब लई बोलत्याल!’ बोलू देत. मी पळत मैदानात आले. इमारत काळीठिक्कर. वरून पोरींचा गलका झाला, आणि मग आपापल्या बटणाने एक खिडकी उजळली, दुसरी उजळली, पहिल्या मजल्यावर तीन, दुसऱ्यावर चार… अगदी पूर्वीसारखं. रिकाम्या खोल्या कोणत्या ते मला ठाऊक नव्हतं. मला एकच खिडकी ठाऊक होती. मी मान वर करून थांबले. ती अंधारीच राहिली.

जिने कसे चढले आठवत नाही. दार आतून बंद होतं. मी जोरात धडका मारणार होते, हात उचललाही होता. मग तो खाली घेतला, फरशीवर बसले आणि दारावर दोन टिचक्या मारल्या. ‘सारिका… पाणी दे गं. जिने चढून दम लागला.’

आत काहीच हललं नाही. सोयरीक, बापू, परीक्षा, सगळं उद्या बघू, उद्या मी स्वतः त्या उसाच्या फडात जाऊन उभी राहीन, असं मी मनातल्या मनात कुणाला सांगत होते, सारिकाला की वंदनाला, कोण जाणे. खाली कुणीतरी बटण पुन्हा दाबलं. दाराखालच्या फटीतून उजेडाची पट्टी माझ्या पायांपर्यंत आली. मी त्या पट्टीकडे बघत राहिले. ती कितीतरी वेळ तशीच होती, कोरी… मग तिच्यात एक सावली सरकली, आणि आत तांब्यावरचा पेला वाजला.